मित्राचे सुतक

वर्तमानपत्रातील निधनवार्तेची एक ठरलेली चौकट असते. नाव, वय, गाव, अंत्यसंस्कार कुठे आणि केव्हा झाले, आणि शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य. ही चौकट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कोण नाही, हे लक्षातही येत नाही. गेलेला माणूस सत्तरीचा असेल, तर त्याने चाळीस वर्षे ज्याच्याशेजारी उभे राहून काम केले, ज्याच्याजवळ घरात न बोललेल्या गोष्टी बोलल्या, त्या मित्राचा या ‘पश्चात’मध्ये उल्लेख नसतो. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर तो येतो, पण ‘समस्त मित्रपरिवार’ या शब्दांत विरघळून. निवृत्तीनंतर जिवलग मित्र जाणे हा उतारवयातला एक मोठा आघात आहे आणि आपला समाज त्याला आघात मानायलाच तयार नाही, असे माझे म्हणणे आहे. या दुःखाला नाव, मान आणि जागा देणे ही त्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची जबाबदारी नाही. त्याचे घर, त्याने जिथे आयुष्य घालवले तो कारखाना किंवा कचेरी, आणि त्याचे गाव यांचीही ती आहे.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर श्रीपूरसारख्या गावाकडे पाहावे. माळशिरस तालुक्यातले हे गाव साखरेभोवती वाढले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे श्रीपूरचे नाव राज्यभर गेले. आज इथे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे गाळप चालते. शेजारी माळीनगर, पलीकडे अकलूज, सगळा टापू उसाचा आणि कारखान्यांचा. अशा गावात वर्षाचे दोनच भाग असतात, हंगाम आणि बिगरहंगाम. पावसाळा सरला की बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते आणि तिथून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तीन पाळ्यांत चाक फिरत राहते. गव्हाणीवर, मिलवर, बॉयलरवर, पॅनवर, काट्यावर, शेती खात्यात जी माणसे जोडीने उभी राहतात, त्यांची मैत्री ठरवून झालेली नसते. थंडीतल्या रात्रपाळीत एकाने डोळे मिटले तर दुसऱ्याने जागे राहायचे, एकाच्या घरी लग्न निघाले तर दुसऱ्याने पाळी बदलून घ्यायची, पगार लांबला तर दुकानदाराला दोघांनी मिळून शब्द द्यायचा, अशा व्यवहारातून ती वर्षानुवर्षे मुरत जाते. ती बोलकी नसते. या मैत्रीचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे भेटायचे ठरवावे लागत नाही. पाळीची वेळ झाली की मित्र समोर असतो.

निवृत्तीच्या दिवशी नेमके हेच तुटते. आपण निवृत्तीचा विचार पैशाच्या अंगाने करतो आणि तो करायलाच हवा. फेटा, शाल, श्रीफळ देऊन सेवापूर्तीचा समारंभ होतो, मग भविष्यनिर्वाह निधीचे कागद, ग्रॅच्युइटीचा हिशेब, पेन्शनचा अर्ज. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कायम कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन धरले आणि हंगामी आस्थापनेतल्या हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे. म्हणजे माणसाने कारखान्याला दिलेला एकेक हंगाम कायद्याने मोजला. त्या हंगामांत त्याने जोडलेली माणसे मात्र कुठल्याच कागदावर येत नाहीत. वसाहतीतली खोली सोडावी लागते. एक जण मूळ गावी शेतावर जातो, दुसरा पुण्याला मुलाकडे, तिसरा गावातच राहतो पण गुडघ्यांमुळे चौकापर्यंत येत नाही. काल एका भोंग्यावर उठणारी माणसे आज तीन दिशांना असतात. भेट आता ठरवावी लागते आणि ज्या पिढीला मित्राला भेटायला कारण लागत नव्हते, तिला कारण शोधताच येत नाही. ‘उगाच कशाला त्यांच्या घरी जायचं, सुनबाईला चहाचा त्रास’ असे म्हणत आठवडे निघून जातात.

या विस्कटलेल्या अवस्थेत मरणाची बातमी येते. पन्नाशीत मित्र गेला तर दुःख तेवढेच असते, पण दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते; तिथे त्याची रिकामी जागा चार जण मिळून पाहतात, चार जण मिळून त्याच्याबद्दल बोलतात. सत्तरीत मित्र गेला तर ती रिकामी जागा एकट्याने पाहायची असते. शिवाय त्या वयातला मित्र हा निव्वळ सोबती नसतो, तो साक्षीदार असतो. आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीने १९७२चा दुष्काळ तरुणपणी पाहिला, खडी फोडण्याची कामे आणि सुकडी पाहिली. १९८०मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि सोलापूर जिल्ह्याच्या मोठ्या टापूत पीक बदलले, पैसा बदलला, माणसांची बोली आणि भूक बदलली, तेही याच पिढीने पाहिले. नातवाला हे सांगता येते, तो ऐकतोही. पण सांगणे वेगळे आणि ‘आठवतंय का?’ असे विचारणे वेगळे. ज्याला हा प्रश्न विचारता येतो तो शेवटचा माणूस गेला की आयुष्याचा तेवढा भाग दुसऱ्या कुणाच्याही मनात उरत नाही. त्या मरणात आपल्या स्वतःच्या मरणाची चाहूल असते आणि ती बोलून दाखवायला नेमका जो लागतो, तोच गेलेला असतो.

हे सगळे हळवेपणाचे वाटत असेल, तर पुरावा पाहू. ऑस्ट्रेलियात हजारो कुटुंबांची वर्षानुवर्षे पाहणी होत असते. त्या पाहणीतील २६ हजारांहून अधिक लोकांच्या १४ वर्षांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०१९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जवळचा मित्र किंवा मैत्रीण गेल्यानंतर माणसाचे शारीरिक आरोग्य, मानसिक आरोग्य आणि चारचौघांत वावरण्याची उमेद खालावते आणि हा परिणाम चार वर्षांपर्यंत टिकू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. स्त्रियांमध्ये घसरण अधिक तीव्र आढळली. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांचे लोकांत येणे-जाणे मुळातच कमी होते, त्यांना सावरायला जास्त काळ लागला. निवृत्तीने ज्याचे जग आधीच आक्रसले आहे, त्याच्यावर मित्राच्या मृत्यूचा घाव का खोल जातो, याचे उत्तर इथे मिळते. त्याआधी २०१० मध्ये, १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसे यांची एकत्रित छाननी झाली होती. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट आहेत त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांहून सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असल्याचे तीत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात एकाकीपणाशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार इतका आहे. रक्तदाब आणि साखर जशी आपण मोजतो, तशी माणसाच्या जवळ कोण उरले हेही विचारले पाहिजे, असा याचा साधा अर्थ.

तरीही आपल्याकडे मित्राच्या मृत्यूनंतर मित्राला कोणी काही विचारत नाही, कारण दुःखाचा अधिकार आपण नात्यावरून ठरवतो. भावकीतला माणूस परगावी गेलेला असला, वर्षानुवर्षे बोलणे नसले, तरी सुतक लागते. दहा दिवस घर थांबते, शेजारी भाकरी-पिठले आणून देतात, भेटायला येणारे हातपाय धुऊन गप्प बसतात. या प्रथांवर टीका करता येईल, पण त्यांनी एक काम चोख केले आहे. शोक करणाऱ्याला त्यांनी काही दिवस कामातून सुटी दिली आणि त्याच्या दाराशी माणसे आणली. मित्राला यांतले काहीच मिळत नाही. रक्षाविसर्जनाला तो मागच्या रांगेत उभा असतो. तिथे पुढाऱ्यांची, पदाधिकाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणे होतात. त्याला कोणी पुढे बोलवत नाही. घरी परतल्यावर ‘वय झालंच होतं त्यांचं’ एवढ्यावर विषय संपतो. अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात अशा दुःखाला शास्त्रीय नाव दिले. समाज ज्याला मान्यता देत नाही, ज्याचा उघड शोक करू देत नाही असे दुःख, हा त्या नावाचा आशय. आपल्या भाषेत सांगायचे तर सुतक नसलेला शोक. आपल्या परंपरेत याला अजिबात वाव नव्हता, असेही नाही. पितृपंधरवड्यातल्या महालय श्राद्धात ज्यांची आठवण करायची त्यांची यादी आई-वडिलांपासून सुरू होते आणि अगदी शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात. ‘आप्त’ या शब्दात रक्तापलीकडचा स्नेही मावतो. जागा आहे, ती शेवटची आहे आणि आपण तीही विसरलो आहोत.

मित्राच्या मृत्यूनंतर काय करता येते, याचा सर्वांत उज्ज्वल दाखला याच सोलापूर जिल्ह्यात आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. ते साल १३३८ मानले जाते. नामदेवांचा जन्म १२७०चा, म्हणजे त्या वेळी ते ६८ वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने निवृत्त होऊन दहा वर्षे झालेले. ज्ञानदेवांच्या समाधीला चार दशके उलटून गेली होती, सोबतचे एकेक जण निघून गेले होते. त्या वयात नामदेव पंढरपुराहून मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी ओळखून गोळा केल्या आणि पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी कथा आहे. चोखोबा नामदेवांना गुरू मानत. पण गुरुशिष्य म्हणा की सखे, त्यांच्यात रक्ताचे नाते नव्हते, जात एक नव्हती. ज्या काळात चोखोबांना मंदिरात पाऊल टाकण्याची बंदी होती, त्या काळात नामदेवांनी मित्राच्या मरणाला घरातल्या कोपऱ्यात न ठेवता गावाच्या सर्वांत मोठ्या दाराशी जागा दिली. ते दार सर्वांना उघडायला पुढे सहा शतके लागली. त्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. पण समाधी तिथेच राहिली. १३५० मध्ये नामदेव गेले तेव्हा त्यांचीही जागा त्याच महाद्वाराच्या पायरीशी झाली. महाद्वारापाशी येणारा वारकरी आजही या दोन सख्यांच्या मधून जातो. कथेचा कोणता तपशील इतिहासाचा आणि कोणता श्रद्धेचा, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. महाराष्ट्राने सातशे वर्षे ही गोष्ट जपली, याचाच अर्थ मित्रासाठी शोक करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा मान आपल्या मनात कुठेतरी आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो कुटुंबाचा. आपल्याकडे म्हातारी माणसे मुला-नातवंडांत राहतात, मग परदेशासारखा एकाकीपणाचा बाऊ कशाला? भारतात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा खूप कमी आहे, हे खरे आहे आणि ते आपले बळ आहे. पण एका छताखाली राहणे आणि सोबत असणे यांत अंतर आहे. सून सकाळी शाळेत शिकवायला जाते, मुलगा एमआयडीसीत, नातू मोबाइलमध्ये. घर भरलेले असते आणि दुपार रिकामी. कुटुंब माणसाची काळजी घेते, त्याला औषध देते, दवाखान्यात नेते. त्याच काळजीमुळे तो घरात नेहमी ‘आबा’ किंवा ‘आण्णा’ असतो, जपून वागवायचा माणूस. ‘अरे गड्या’ म्हणून त्याच्या चुकीवर बोट ठेवणारा, त्याच्याशी भांडून दुसऱ्या दिवशी चहा मागणारा फक्त मित्र असतो. बरोबरीचे हे नाते कितीही प्रेमळ मुलगा देऊ शकत नाही, आणि त्यात मुलाचा दोष नाही. ज्येष्ठांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेला केंद्राचा कायदाही मुलांवर आणि वारस नातेवाइकांवर जबाबदारी टाकतो. पोटाची, निवाऱ्याची हमी तो देऊ शकतो. सोबतीची हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही, म्हणून तर तिची तजवीज समाजाला वेगळी करावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आधी पेन्शनचे बघा, मैत्रीचे मग बोला. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खालील किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपयांवर थांबलेले आहे. ते ७,५०० रुपये करावे आणि त्यावर महागाई भत्ता द्यावा, या मागणीसाठी राज्यातल्या आणि देशातल्या पेन्शनरांनी वर्षानुवर्षे उपोषणे आणि मोर्चे केले. साखर कारखान्यांतले, एसटीतले, सहकारी संस्थांतले हजारो निवृत्त कामगार यात आहेत. त्यांची मागणी न्याय्य आहे आणि हा लेख तिच्या आड येऊ इच्छित नाही. उलट, हे दोन प्रश्न एकाच गाठीत आहेत. हजार रुपयांत औषधे भागवणारा माणूस सर्वांत आधी काय कापतो? मित्राकडे जाण्याचा प्रवास, हॉटेलातला दोघांचा चहा, लग्नाचा आहेर. गरिबी माणसाला आधी एकटे करते. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. या सवलतीकडे तीर्थयात्रेची सोय म्हणून पाहिले गेले. पण श्रीपूरच्या माणसाला अकलूजच्या किंवा पंढरपूरच्या मित्राच्या दारापर्यंत नेणारी हीच गाडी आहे. सरकारच्या एका निर्णयाने किती मैत्र्या टिकल्या, याची नोंद कुठे होत नसली तरी पैशाची आणि सोबतीची व्यवस्था एकत्र कशी करता येते, हे त्यातून दिसते.

तिसरा आक्षेप विरक्तीचा. या वयात मन काढून घ्यायला शिकावे, हरिनामात रमावे, जन्मलेला जाणारच, असे आपल्याकडे सांगितले जाते. हाच विचार रोममध्येही मांडला गेला होता. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली, वयाच्या बासष्टीत मैत्रीवर एक संवाद लिहिला. त्यात स्किपिओ हा जिवलग मित्र नुकताच गमावलेला लेलियस बोलतो. मित्राचे काही वाईट झालेले नाही, जे नुकसान झाले ते माझे आहे आणि आपल्या नुकसानीने फार कळवळणे हे मित्रावरचे प्रेम नसून स्वतःवरचे प्रेम आहे, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. हा युक्तिवाद उंचीचा आहे आणि काही माणसांना तो खरोखर आधार देतो. पण यातले पहिले अर्धे मान्य केले तरी दुसरे मान्य करावे लागत नाही. नुकसान जिवंत माणसाचे झाले आहे, म्हणूनच तर ते आपल्या काळजीचा विषय आहे. मेलेल्यासाठी आपण काही करू शकत नाही, उरलेल्यासाठी करू शकतो. आणि विरक्तीचा दाखला द्यायचा, तर नामदेवांहून मोठा भक्त कोण आणायचा? ज्ञानदेवांच्या समाधीवरचे त्यांच्या नावावरील अभंग मराठीतला पहिला मोठा विलाप आहेत. नामाने त्यांचा शोक पुसला नाही. त्याने शोकाला वाट दिली. शिवाय लेलियस हे सगळे बोलतो ते एकांतात नव्हे. त्याचे दोन जावई त्याच्याजवळ येऊन बसले आहेत आणि त्याला त्याच्या मित्राबद्दल विचारत आहेत. ते कुणी विचारणे, हेच औषध आहे.

आणखी एक शंका रास्त आहे. निवृत्ती ही पगारदारांची चैन आहे. शेतकऱ्याला, शेतमजुराला, घर चालवणाऱ्या बाईला कुठली निवृत्ती? त्यांना शाल-श्रीफळ मिळत नाही, हे खरे. पण त्यांच्याही आयुष्यात तो दिवस येतो, फक्त त्याची तारीख नसते. बैलजोडी विकली जाते, सातबाऱ्यावर मुलाचे नाव लागते, बाजारच्या दिवशी गावाला जाणे गुडघ्यांमुळे थांबते. पारावर बसणाऱ्या पाच जणांचे तीन होतात. बाईचे तर उलटेच आहे. तिच्या बालमैत्रिणी लग्नानेच तुटतात. सासरी पुन्हा नव्याने जोडलेली एखादी मैत्रीण, पाण्याच्या वाटेवरची, भजनी मंडळातली, बचत गटातली, हीच तिची उतारवयाची पुंजी. ती गेली तर रडायलाही आडोसा नसतो, कारण त्या रडण्याला घरात नाव नाही. जवळचा मित्र किंवा मैत्रीण गेल्यानंतर स्त्रियांची प्रकृती अधिक खालावते, असे जे ऑस्ट्रेलियातल्या त्या अभ्यासात दिसले, ते आपल्या घरांतही तपासून पाहण्यासारखे आहे. हा पगारदार पुरुषांचा प्रश्न आहे म्हणून बाजूला सारता येत नाही. पगारदारांच्या बाबतीत तो फक्त ठळक दिसतो.

मग करायचे काय? मैत्री सरकारी आदेशाने होत नाही, ही गोष्ट उघड आहे. पण मैत्रीला लागणारी जागा, वेळ आणि निमित्त या तीन गोष्टी माणसे मिळून देऊ शकतात. सुरुवात कारखान्याने करावी. ज्याच्याकडे प्रत्येक कामगाराच्या हजेरीची नोंद आहे, त्याला निवृत्त कामगारांची नावे आणि फोन नंबर असलेली एक वही ठेवणे अवघड नाही. मोळीपूजनाच्या दिवशी निवृत्तांना मानाने बोलवावे. वर्षातून एक दिवस तरी भेट ठरवावी न लागता घडेल. आवारात किंवा वसाहतीत एक खोली, चार बाकडी, वर्तमानपत्रे आणि पिण्याचे पाणी एवढे दिले तरी जुन्या पाळ्या पुन्हा भरतील. कोणी गेले तर त्या वहीतून सोबत्यांना त्याच दिवशी निरोप जावा. मित्राच्या मरणाची बातमी पंधरा दिवसांनी कळणे हे दुसरे दुःख असते. महाळुंग-श्रीपूरला आता नगरपंचायत आहे. रस्ते आणि गटारांच्या यादीत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, बसता येईल असा उजेडाचा पार आणि जवळ स्वच्छतागृह हे विषय यावेत. स्वच्छतागृह नाही म्हणून कितीतरी म्हातारी माणसे घराबाहेरच पडत नाहीत. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये छोट्या गावांतही आहेत आणि तिथे सकाळी वर्तमानपत्राला येणारे बहुतेक जण साठी उलटलेलेच असतात. तिथे आठवड्यातून एकदा जुन्या आठवणी सांगण्याची बैठक ठेवायला वेगळा खर्च लागत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये मिळतात. त्यातून आलेले श्रवणयंत्र ही मैत्रीचीच सोय आहे, कारण ऐकू येईनासे झाले की माणूस आधी गप्पांतून बाहेर पडतो.

या टापूला असे करणे नवे नाही. तुकोबांची पालखी दर आषाढीला अकलूजचा मुक्काम आणि माळीनगरचे उभे रिंगण करून बोरगावकडे जाते ती याच भागातून. तिच्यातली दिंडी ही मैत्री टिकवणारी फार शहाणी व्यवस्था आहे. तिला क्रमांक आहे, चालण्याची जागा ठरलेली आहे, तंबू ठरलेला आहे; वय, शिक्षण, पैसा काहीही असो, शेजारी दरवर्षी तोच असतो. म्हणून एखादा आला नाही तर पहिल्याच मुक्कामी विचारणा होते, आणि तो गेल्याचे कळले तर त्याची आठवण वाटेवर निघत राहते. दिंडीने माणसांना जबरदस्तीने मित्र केले नाही. तिने फक्त ठिकाण आणि वेळ पक्की केली, आणि कोणी नसल्याची दखल घेणारे डोळे ठेवले. निवृत्तीनंतरच्या वर्षांसाठी आपल्याला नेमके एवढेच हवे आहे, पंधरा-वीस दिवसांसाठी नव्हे, बाराही महिने.

घराने करायच्या गोष्टी तर याहूनही सोप्या आहेत. वडील गेले की नातेवाइकांना फोन करताना त्यांच्या मित्रालाही पहिल्या पाचांत फोन करावा. तो येईल तेव्हा त्याला आत नेऊन बसवावे. रक्षाविसर्जनाला भाषणांच्या यादीत त्याला दोन मिनिटे द्यावीत. मुलांना माहीत नसलेले वडील त्या दोन मिनिटांत त्यांना भेटतील. आपल्या घरातल्या आजोबांचा मित्र गेला असेल, तर ‘वय झालं होतं’ म्हणून विषय मिटवू नये; त्यांना विचारावे, तुमची ओळख कशी झाली, कुठल्या पाळीत होता तुम्ही? आणि हे एकदा विचारून थांबू नये, कारण हा घाव भरायला वर्षे लागतात. पुढच्या मोळीपूजनाला, पुढच्या आषाढीला तो पुन्हा दुखणार आहे, हे घरच्यांनी आधीच ओळखून ठेवावे. उरलेल्या मित्राने नवी माणसे जोडावीत, हेही खरे. गेलेल्याची जागा नवा माणूस घेत नाही, पण त्या जागेबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असा तो असू शकतो. त्यासाठी दाराबाहेर पडावे लागते आणि कुणीतरी हात धरून बाहेर न्यावे लागते.

वर्तमानपत्रांनाही यात वाटा उचलता येईल आणि तो सर्वांत कमी खर्चाचा आहे. निधनवार्तेच्या त्या ठरलेल्या चौकटीत, पत्नी, मुले, सुना, जावई, नातवंडे यांच्यानंतर आणखी एका नावाला जागा करावी. घरच्यांनी ते नाव आठवून कळवावे, बातमीदाराने ते विचारून घ्यावे. बातमीची एक ओळ वाढेल. पण त्या सकाळी गावात कुठेतरी एक म्हातारा माणूस चष्मा लावून ती बातमी वाचेल, आपल्या मित्राच्या नावाखाली आपले नाव छापलेले पाहील, आणि त्याच्याकडे भेटायला कोणीतरी येईल.